एकविसावा वाढदिवस, एक जूनवाले आपण आणि रांगेत मोठी झालेली मुलं

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. आणि 'अमेरिकेतल्या लोकांचे चोचले' असं म्हणून पुढे सरकायच्या आधी निदान अर्ध्यापर्यंत वाचा. मी पण आधी तसंच म्हटलं होतं.

यंदा आमच्या मामाकडे दीड दिवसाच्या गणपतीला मामेभाऊ आला होता. पंधरा वर्षं न्यू जर्सीत आहे, कॉम्प्युटरमधला माणूस. बायको आणि मुलगी बरोबर. मुलीचं कॉलेज सुरू व्हायचं होतं, म्हणून चार दिवसांचीच धावती भेट. रात्री आरती, भजन आटोपलं, उसळ-पाव झाला आणि आम्ही खळ्यात बसलो. दादा गप्प होता. विचारलं तर म्हणाला, "चेडू जानेवारी २०२७ ला एकवीसचा होतला. मगे काय करूचा ता कळना नाय."

मामीला काही समजेना. एकवीस म्हणजे चांगलंच की, लग्नाचं बघायला घेऊ. दादाने समजावलं की एकविसाव्या वाढदिवसाला ती कागदावर त्याची 'मूल' राहणार नाही. चार वर्षांची असताना त्याच्या बोटाला धरून गेलेली मुलगी, शाळा तिथली, कॉलेज तिथलं, मैत्रिणी तिथल्या. पण वडिलांच्या व्हिसावर राहायचा तिचा हक्क त्या दिवशी संपतो. वडिलांचा कायमच्या वास्तव्याचा, म्हणजे ग्रीन कार्डाचा अर्ज २०१४ पासून रांगेत आहे. नंबर लागेल तेव्हा दादाला मिळेल, वहिनीला मिळेल. मुलीला नाही.

मामी म्हणाली, "चेडू आपला, बापूस आपलो, मगे मधी ह्यो सायब कोण?"

मामीच्या या प्रश्नाने मला झोप लागू दिली नाही. मूल कधीपर्यंत मूल, हे ठरवणारा हा साहेब आला कुठून? गेले काही आठवडे त्याच्यामागे लागून जे हाती आलं, ते लिहितोय.

परवाने नव्हते तेव्हा

बाहेर जाणं आपल्याला नवीन नाही. सिंधुदुर्गातलं एक घर दाखवा, ज्यातला एक माणूस मुंबईला नाही. गिरणीतला चाकरमानी बायका-पोरं गावी ठेवून गेला, मनिऑर्डर पाठवत राहिला, पोरगं मिसरूड फुटलं की बापाच्या खोलीवर जाऊन राहिलं. त्याला दादरला उतरल्यावर कोणी वय विचारलं नाही.

त्याच्याही आधी, १८३४ नंतर गिरमिटाच्या करारावर माणसं मॉरिशसला जाऊ लागली, तेव्हा रत्नागिरी-सावंतवाडी पट्ट्यातली माणसंही मुंबई बंदरातून गेली. पोर्ट लुईला ज्या धक्क्यावर ती उतरली तो 'आप्रवासी घाट' २००६ पासून जागतिक वारसा आहे. त्यांची नोंद-पुस्तकं तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत आजही जपून ठेवलीत. ती नोंद मजूर मोजण्यासाठी होती, दया म्हणून नव्हे. मळ्याला हात हवे होते. पोर मोठं झालं तर मळेवाल्याला आनंदच होता, अजून दोन हात मिळाले.

अमेरिकेचं बघा. १८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला एकट्या बोटीने गेल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. व्हिसा नावाची भानगडच नव्हती. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पोचले तेव्हा बावीस वर्षांचे होते. आजच्या भाषेत दोघंही 'वय उलटलेले'. पण तेव्हा अडचण वयाची नव्हती, पैशाची आणि समाजाची होती.

दार लागलं १९१७ साली. त्या वर्षीच्या अमेरिकन कायद्याने आशियाचा मोठा पट्टा 'प्रवेशबंद' म्हणून आखला आणि त्यात हिंदुस्थान आला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाच्या खटल्यात (आपले हुतात्मा भगतसिंग नव्हेत) तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. आधी नागरिक झालेल्यांचंही नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात झाली. १९४६ साली दार किलकिलं झालं. हिंदुस्थानसाठी वर्षाला कोटा किती? १००. हजार नव्हे, शंभर. आपल्याकडे एसटीच्या दोन गाड्यांत बसतील एवढी माणसं.

खरं दार उघडलं १९६५ च्या कायद्याने. वंशावर बेतलेला कोटा गेला आणि दोन निकष आले, कुटुंब आणि कौशल्य. आपले डॉक्टर, इंजिनियर गेले ते यानंतर. १९८१ मध्ये तिथल्या मराठी मंडळांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं. त्याच वर्षी १ मे ला इथे आपला सिंधुदुर्ग जिल्हा जन्माला आला. म्हणजे आपला जिल्हा आणि तिथलं मराठी मंडळ एकाच वयाचे.

हे एकवीस आलं कुठून?

१९२४ च्या अमेरिकन कायद्यात नागरिकाच्या मुलाला कोट्याबाहेर आणायचं तर ते १८ च्या आतलं लागे. १९५२ च्या कायद्याने 'मूल' या शब्दाची जी व्याख्या केली ती आजवर टिकून आहे: अविवाहित आणि २१ च्या आतलं. तेव्हा हे उदारच होतं. इंग्रजी परंपरेत माणूस २१ ला सज्ञान होई, तोच आकडा उचलला.

गंमत अशी की इंग्रजांनी आपल्याला १८७५ च्या सज्ञानता कायद्याने १८ ला सज्ञान केलं, आणि स्वतः मात्र १९७० पर्यंत २१ वरच राहिले. मतदानाचं वय अमेरिकेने १९७१ मध्ये २१ वरून १८ वर आणलं, आपण १९८९ मध्ये. ते साल मला आठवतं, माझ्या मोठ्या भावाचं नाव पहिल्यांदा यादीत आलं आणि तो आठवडाभर आमच्याशी पुढाऱ्यासारखा बोलत होता. जगभर बाकी सगळीकडे २१ मागे पडलं, स्थलांतराच्या कायद्यात मात्र ते राहून गेलं.

ते राहिलं म्हणून बिघडलं नाही. बिघडलं ते रांग लांबली म्हणून. १९५२ साली कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात असं होतं की अर्ज येईल, वर्ष-दोन वर्षांत निकाल लागेल. रांगेत उभं असताना पोर मिशा फुटून बाप्या होईल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

रांग का अडकली

१९९० साली तिथे मोठा कायदा आला. आजचं सगळं गणित त्यात आहे.

एक, एच-१बी हा तात्पुरत्या नोकरीचा व्हिसा आला. जास्तीत जास्त सहा वर्षं.

दोन, नोकरीच्या आधारावर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,०००. पण यात नोकरदारच नाही, त्याची बायको आणि मुलंही मोजतात. एक इंजिनियर, बायको, दोन मुलं म्हणजे चार कार्डं गेली. निम्म्याहून जास्त कार्डं अशी कुटुंबीयांना जातात.

तीन, कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना एकूण संख्येच्या ७ टक्क्यांहून जास्त नाही. म्हणजे नोकरीच्या खात्यात साधारण ९,८००. बाकीच्यांची शिल्लक राहिली तर थोडी जास्त. १४० कोटींचा भारत आणि चार लाख वस्तीचं आइसलँड, दोघांना कमाल मर्यादा एकच. आणि मोजतात ते जन्माचा देश, पासपोर्टचा नव्हे.

चार, जे फार कोणी सांगत नाही. १९९० च्या आधी ग्रीन कार्डवाल्याची बायको, लहान मुलं आणि अविवाहित मोठी मुलं एकाच रांगेत उभी असायची. १९९० ला ती रांग कापली. बायको-लहान मुलं एका बाजूला, २१ वरची मुलं दुसऱ्या बाजूला. कोट्यातला किमान ७७ टक्के वाटा पहिल्या रांगेला, उरलेला दुसरीला. एकविसाव्या वाढदिवसाला कोसळणारा कडा इथे तयार झाला.

मग कॉम्प्युटरचं युग आलं. वाय-टू-केच्या धांदलीत आपली पोरं हजारोंनी गेली. सहा वर्षं संपत आली तरी ग्रीन कार्ड नाही. तेव्हा ऑक्टोबर २००० मध्ये क्लिंटन यांच्या सहीने एक कायदा झाला. ग्रीन कार्डाचा अर्ज पुढे गेलेला असेल, तर नंबर लागेपर्यंत एच-१बी वाढवून मिळेल. सहा वर्षांची अट गेली.

सगळ्यांनी पेढे वाटले असतील. मी पण वाटले असते. पण त्याचा अर्थ बघा. आधी नंबर नाही लागला तर सहा वर्षांनी माणूस परत येई, तेव्हा पोर आठ-नऊ वर्षांचं असे, आपल्या शाळेत रुळून जाई. आता बाप वीस वर्षं राहू शकतो. पोराला मात्र तशी वाढ नाही, त्याची तारीख पक्की आहे. बापासाठी दार धरून ठेवलं, आणि त्याच दाराची चौकट पोराच्या उंचीला कमी पडली.

पोरांच्या व्हिसाला एच-४ म्हणतात. शिकता येतं, नोकरी करता येत नाही. २०१५ पासून एच-४ वरच्या काही बायकांना कामाची परवानगी मिळाली, मुलांना नाही. आपली मुलगी पेट्रोल पंपावर सुट्टीतलं काम करू शकत नाही. २१ झाली की तिने परदेशी विद्यार्थिनी म्हणून वेगळा व्हिसा घ्यायचा, जणू ती कालच मुंबईहून उतरली. नाहीतर देश सोडायचा.

ओबामांच्या २०१२ च्या योजनेने लहानपणी बेकायदा आणल्या गेलेल्या मुलांना तात्पुरतं संरक्षण दिलं. त्यात अट अशी होती की १५ जून २०१२ ला तुमच्याकडे वैध कागद नसावेत. ज्यांच्या आईबापांनी सगळे कागद नीट ठेवले, त्यांची मुलं त्यातून बाद. त्यांच्यासाठी 'इम्प्रूव्ह द ड्रीम' नावाची संघटना तिथे लढते. ती सांगते की अशी मुलं दोन लाखांहून जास्त आहेत. केटो इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये काढलेल्या हिशोबात नोकरीच्या रांगेत सुमारे १८ लाख माणसं होती, त्यात ११ लाखांच्या आसपास भारतीय.

वजाबाकी

कोणी काहीच केलं नाही असं नाही. ६ ऑगस्ट २००२ ला मुलांच्या वयाला संरक्षण देणारा कायदा झाला. त्यातली वजाबाकी समजून घ्या, कारण या जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांना ती लागू आहे.

नंबर लागला त्या दिवशीचं मुलाचं वय घ्या. त्यातून कंपनीचा किंवा नातेवाइकाचा अर्ज ऑफिसात तपासणीला जितके दिवस पडून होता, तेवढे दिवस वजा करा. उत्तर २१ च्या आत आलं तर मूल वाचलं. समजा मुलगी २१ वर्षं ८ महिन्यांची आहे आणि अर्ज १० महिने तपासणीत होता. उत्तर २० वर्षं १० महिने. वाचली.

ऐकायला बरं वाटतं. पण अर्ज मंजूर झाल्यावर नंबर लागेपर्यंतची बारा-पंधरा वर्षं? ती वजा होत नाहीत. सरकारी बाबूचा उशीर माफ, रांगेचा उशीर तुमच्या माथी. आणि मजा म्हणजे, जास्त फी भरून अर्ज तीन आठवड्यांत मंजूर करून घ्यायची सोय आहे. ज्यांनी घाईने पैसे भरले त्यांचे वजा करायचे दिवस तेवढेच कमी झाले. ज्याचा अर्ज फायलींच्या ढिगात वर्षभर कुजला, त्याच्या पोराला वर्ष मिळालं. दादाच्या कंपनीने जादा फी भरली होती. तेव्हा दादाने त्यांचे आभार मानले होते.

२०१४ साली हा प्रश्न तिथल्या सुप्रीम कोर्टात गेला. एल साल्वाडोरच्या रोसालिना क्युएलार दे ओसोरियो या बाईंसाठी त्यांच्या नागरिक आईने अर्ज केला, तेव्हा बाईंचा मुलगा १३ वर्षांचा होता. नंबर लागायच्या काही महिने आधी तो २१ चा झाला. कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, की त्याला आजीच्या जुन्या अर्जाची तारीख मिळणार नाही. त्याने रांगेच्या शेवटी जावं. कायद्यातलं ते कलम न्यायाधीशांनाच एकमताने वाचता आलं नाही, तर आपल्या मामीने काय वाचावं?

आता ताजं. नंबर लागला कधी, हे तिथलं खातं दर महिन्याला दोन तक्त्यांत छापतं. एक अर्ज भरता येण्याच्या तारखांचा, दुसरा अंतिम निकालाच्या तारखांचा. पहिला नेहमी थोडा पुढे असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरलं की वय मोजायला पहिला तक्ता धरायचा. त्यात बरीच मुलं वाचली. ऑगस्ट २०२५ मध्ये ते उलटवलं. १५ ऑगस्टपासून येणाऱ्या अर्जांना परत दुसराच तक्ता. आपल्या गणपतीच्या बरोबर बारा दिवस आधी. २०२५ मध्ये अंतिम तक्त्यावर भारतीय इंजिनियरांच्या ज्या अर्जांचा नंबर लागत होता ते साधारण २०१२-१३ सालचे. दादाचा २०१४ चा. पहिल्या तक्त्याने कदाचित मुलगी सुटली असती. खळ्यात दादा गप्प का होता, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

दोन्ही पक्षांच्या खासदारांनी मिळून या मुलांसाठी २०२१ मध्ये विधेयक आणलं, २०२३ मध्ये परत आणलं. पास झालं नाही.

अमेरिकाच वाईट असं नाही

इंग्लंडचं ऐका. १९६२ च्या कायद्यात तिथे राहणाऱ्या आपल्यासारख्या माणसांच्या १६ च्या आतल्या मुलांना यायचा हक्क होता. पण मूल खरंच १६ च्या आत आहे हे साहेबाला पटायला हवं. १९७० च्या दशकात भारत-पाकिस्तान-बांगलादेशातल्या मुलांच्या हाडांचे एक्स-रे काढून वय ठरवत. हाडावरून वय दोन वर्षं इकडेतिकडे चुकू शकतं, हे डॉक्टर ओरडून सांगत होते. १९८२ मध्ये ते बंद झालं. मग डीएनए चाचणी आली आणि नाकारलेली अनेक मुलं खरोखर त्याच बापाची निघाली. तोवर ती १८ च्या वर गेली होती. सरकारने १९८० च्या दशकाच्या शेवटी सांगितलं, तुम्ही खरे होतात हे मान्य, पण आता तुम्ही मोठे झालात. अपवाद सोडून दार बंद.

आखातात सामान्य नोकरदाराला कायमचं वास्तव्य जवळजवळ नाहीच. दुबईत बापाच्या व्हिसावर मुलगा १८ पर्यंत, शिकत असेल तर आणखी थोडा काळ, आणि मुलगी लग्न होईपर्यंत, असा नियम होता. ऑक्टोबर २०२२ पासून मुलांसाठी तो २५ झाला. आपल्या कुडाळ-सावंतवाडीची किती घरं त्यावर बसून आहेत ते तुम्हाला माहीत आहे.

कॅनडात २२ च्या आतलं मूल चाले. ऑगस्ट २०१४ मध्ये ते १९ केलं, ऑक्टोबर २०१७ मध्ये परत २२. पण तिथे एक शहाणपण आहे. साधारणपणे अर्ज दिला त्या दिवशीचं वय गोठवतात. नंतर सरकारला कितीही वेळ लागो, मूल मोठं होत नाही. अमेरिकेतही नागरिकाने स्वतःच्या २१ खालच्या मुलासाठी अर्ज केला तर वय तसंच गोठतं. म्हणजे हे जमत नाही असं नाही, सगळ्यांसाठी करायचं नाही.

आणि शेजारचं गोवा. तेरेखोल नदीच्या पलीकडे १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जन्मलेल्याला पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं, मुलाला-नातवालाही वयाची अट नाही. नदीच्या अलीकडे आरोंद्याला जन्मलेल्याला काही नाही. देव तेच, मासे तेच, भाषा जवळजवळ तीच. गोव्यातले कितीतरी जण पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रेक्झिटच्या आधी इंग्लंडला गेले. त्यांच्याबरोबर त्यांची मुलं जात ती युरोपच्या नियमाने: २१ च्या आतली, किंवा वरची असली तरी आईबापांवर अवलंबून असलेली. त्या 'किंवा'मध्ये माणुसकीला जागा आहे. अमेरिकेच्या कायद्यात तो 'किंवा' नाही.

एक जूनवाले

आता आपल्याकडे या. माझा वाढदिवस १ जून. माझ्या वर्गात आणखी अकरा जणांचा १ जून. गुरुजींनी शाळेत नाव घालताना पोराचा हात डोक्यावरून कानाला लागतो का बघितलं आणि तारीख ठोकून दिली. अख्ख्या महाराष्ट्रात निम्मी पिढी एका दिवशी जन्मली. फेसबुक १ जूनला थकून जातं.

आपण त्याच्यावर हसतो, कारण आपल्याला वय कधी लागलंच नाही. घरात माणूस मोठा झाला हे नांगर धरला, रापण ओढली, बापाशी भांडला की कळायचं. वर्ष-सहा महिन्यांनी काय होतं? पण दादाच्या मुलीच्या बाबतीत सहा महिन्यांवर सगळं आहे. जन्माची नोंद सक्तीची करणारा कायदा १९६९ चा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्माचा दाखलाच लागतो. म्हणून गावात अजून कोणी 'तारीख मागेपुढे लाव, शाळेत लवकर घालू' म्हणत असेल तर त्याला थांबवा. ती तारीख वीस वर्षांनी कुठल्या देशात आडवी येईल सांगता येत नाही.

"मग परत या ना"

कमेंटमध्ये हे येणारच, म्हणून आधीच लिहितो. गेलात कशाला, परत या. बरोबर आहे. दादा स्वतःहून गेला, पैसे कमावले, कोणी ढकललं नव्हतं. त्या देशाला नियम करायचा हक्क आहे, रांग लावायचाही. पण मुलगी स्वतःहून गेली नव्हती. आणि तिच्या बापाने नियम मोडला असता तर एक वेळ समजलं असतं. त्याने सगळे पाळले.

त्या रात्री तिने मला विचारलं, "काका, मालवणला कॉलेज आहे का?" म्हटलं, आहे की, स. का. पाटील. "बायोलॉजी आहे?" सगळे हसले. ती हसली नाही. मोबाईल काढून तिने लिहून घेतलं.

दुसरी गोष्ट लिहायला मला जड जातंय. आमच्या गावच्या हापूसच्या बागेत नेपाळी राखणदार आहे. त्याचा पोरगा इथल्या शाळेत दहावीपर्यंत शिकला, मालवणी आपल्यापेक्षा खणखणीत बोलतो, दशावतार पाठ आहे. परवा तो बारावीनंतरच्या दाखल्यांसाठी खेपा घालत होता. चावडीवर कोणीतरी म्हणालं, "गावाक जा मां तुझ्या." तो म्हणाला, "खंयच्या?" मी तिथेच उभा होतो. काही बोललो नाही.

अमेरिकेच्या साहेबाला शिव्या घालायला सोपं आहे. पण आपल्या अंगणात वाढलेलं दुसऱ्याचं पोर आपलं कधी होतं, याचं आपलं गणित काय? १९५० च्या करारामुळे नेपाळी माणसाला इथे राहता तरी येतं, वाढदिवसाला कोणी हाकलत नाही. तेवढं आपलं बरं. पण राहता येणं आणि आपलं म्हणणं यात फरक आहे, तो दादाची मुलगी आणि तो पोरगा दोघंही सांगतील.

ज्यांच्या घरात हे आहे त्यांच्यासाठी

१. मुलाच्या जन्माच्या दाखल्यावरचं नाव, तारीख, आईबापांची नावं पासपोर्टशी जुळतात का बघा. नसतील तर ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेत आत्ताच दुरुस्ती करा, मूल विशीत गेल्यावर नव्हे.

२. आईबाप ग्रीन कार्डधारक असतील आणि मुलासाठी अर्ज केलेला असेल, तर मूल २१ चं व्हायच्या आत त्यांच्यापैकी अर्ज करणारा नागरिक झाला की त्या दिवशी मुलाचं वय गोठतं. ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि मूल १८ च्या आतलं, स्वतः ग्रीन कार्डवर तिथेच आईबापांजवळ राहत असेल, तर आई किंवा बाप नागरिक झाल्यावर ते आपोआप नागरिक होतं. हा २००० सालचा कायदा आहे.

३. नंबर लागल्यावर एका वर्षाच्या आत पुढचं पाऊल टाकावं लागतं. झोपून राहिलात तर वजाबाकीचा फायदा जातो.

४. ग्रीन कार्डवाल्या आईबापांनी २१ वरच्या मुला-मुलीसाठी केलेल्या अर्जाला सध्या आठ-नऊ वर्षं लागतात. मधल्या काळात त्या मुलाने लग्न केलं तर अर्ज संपतो. मामीसारख्यांनी स्थळं आणायच्या आधी वकिलाला विचारा.

५. 'सेटिंग करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका. तिथला परवानाधारक वकील गाठा. ही पोस्ट पत्रकाराने लिहिलीय, वकिलाने नव्हे.

जाताना दादा म्हणाला, "तू पेपरवालो मां? मगे ह्यां लिव. लोकांका वाटता, अमेरिकेत गेलो म्हणजे सुटलो." लिहिलं. मुलीने निघताना मामीला वाकून नमस्कार केला, मामीने तिच्या बॅगेत कोकमाची पिशवी कोंबली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "परत कधी येतलस?" या वेळी उत्तर कोणीच दिलं नाही.

तुमच्या घरात, वाडीत असं कोणी असेल तर नाव न सांगता अनुभव लिहा. कदाचित एकमेकांच्या तारखा बघून कोणाला तरी वेळेत जाग येईल.